पिवळी खूण

वाटणीचं बोलणं घरी नको, शेडमध्येच होऊ दे, हे चिमाबाईंनी ठरवलं. घरी बोललं की शेजारी ऐकतात, आणि शेजाऱ्यांनी ऐकलेलं भांडण पुन्हा मिटवता येत नाही, असा त्यांचा हिशेब. शिवाय जे वाटायचंय ते डोळ्यांपुढं असलं की माणूस जरा जपून बोलतो. म्हणून सुट्टीच्या दिवशी, रबराचा माल काढायच्या प्रेस गार पडलेल्या असताना, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये सतरंजी अंथरली गेली. मधोमध कडक भाकऱ्यांची चवड, शेंगाचटणी, दह्याचा डबा.

मोठी सून रेश्मा नेमकी मैंदर्गीला माहेरी गेली होती. वाटणीच्या दिवशी माहेरी असण्यासारखा शहाणपणा नाही. पदरात पडेल ते घेता येतं, आणि जे वाईट बोललं गेलं त्याला मी नव्हतेच, असं जन्मभर म्हणता येतं.

तिचा नवरा बापूसाहेब मात्र वेळेआधी आला. पांढरी पँट, पांढरा शर्ट. रबराच्या धंद्यात थोरल्या मुलाच्या कपड्यांवर आजवर एक काळा डाग पडला नव्हता, यावरून त्याच्या वाट्याला कुठलं काम होतं ते कळावं. तो गिऱ्हाईक आणायचा आणि धाकटा कुमार माल काढायचा. बापूसाहेबाच्या तोंडी ‘नाही’ हा शब्द नव्हता. कुणी काहीही मागो, “आज देतो की!” मग ते ‘आज’ कुमारनं प्रेसपाशी उभं राहून फेडायचं.

बापूसाहेबानं खिशातून रुमाल काढला, रुमालातून रबराची एक रिंग काढली आणि भाकऱ्यांशेजारी ठेवली.

“हे बघा आपलं नाव.”

रिंग पेन्सिलीएवढी जाड असायला हवी होती. ती करंगळीएवढी झाली होती, वेडीवाकडी, बुळबुळीत. चिमाबाईंनी दाबून बघितली तर बोटाला तेल लागलं.

“आगं बया! भिजत घातल्यावानी फुगलीया की.”

“दुधनीच्या ईश्वरप्पाच्या गिरणीतली हाय, आई. त्याच्या हायड्रॉलिक प्रेसला बसवायला दिलेली. एकदा बसवली, फुगली. दुसरी बसवली, फुगली. दिवाळी तोंडावर आणि करडईचं तेल काढायची प्रेस बंद. दुधनीच्या बाजारात आपल्या रिंगा एकमेकाला दाखवून हसूलालेत लोकं.” बापूसाहेबानं आवाज खाली आणला. वाईट बातमी सांगताना तो नेहमी आवाज खाली आणायचा. त्यानं ती जास्त खरी वाटते. “नाव गेलं की प्रेस ठेवून काय करायचं? शेजारचा महेश्वर सगळं घ्यायला तयार हाय. प्रेस, साचे, शेडसकट. आज दुपारपर्यंत शब्द द्यायचाय. मी बाहेरून तयार माल आणून विकीन. आणि कुमारला महेश्वर ठेवून घेतो म्हणलाय. ह्याच प्रेसवर.”

“नोकर म्हणून,” प्रियंका म्हणाली.

प्रियंका कुमारची बायको. सासरच्या बैठकीत ती दोनच शब्द बोलायची, पण नेमके ते, जे दुसऱ्यानं गिळलेले असायचे.

“तसं न्हाय गं, सुपरवायझर…”

“पगारी माणसाला नोकरच म्हणतात, दादा.”

कुमार काहीच बोलत नव्हता. मांडीवर एक साचा घेऊन त्याच्या खाचेत अडकलेला रबराचा कण नखानं काढत बसला होता. प्रियंकानं त्याच्याकडं बघितलं आणि तिला त्याचा राग आला, कारण तो गप्प का आहे हे तिला माहीत होतं.

प्रेसवर चढणारा रबराचा प्रत्येक पट्टा आधी सासऱ्यांच्या, म्हणजे मायाप्पांच्या, नाकाखालून जायचा. सासरे पूर्वी मंगळवेढ्याकडच्या माळावर मेंढरं राखायचे. सोलापुरात टायर रिमोल्डच्या दुकानात शिकले आणि मग ही शेड घातली. कच्चं रबर सगळं काळंच दिसतं, म्हणून पट्ट्यांवर रंगीत खडूच्या खुणा करायची पद्धत त्यांची. कळपातल्या मेंढरांना करतात तशी. आणि खुणेवरही भरवसा ठेवायचा नाही. पट्ट्याची कातरण कापायची, काडी लावायची, विझवायची आणि धुराचा वास घ्यायचा. वास बघून मायाप्पा म्हणाले “हां”, तरच माल पुढं. ईश्वरप्पाचा माल काढला त्या दिवशीही ते “हां” म्हणाले होते. आता कुमारनं तोंड उघडलं तर स्वतः वाचेल, पण बाप जाईल. बापाची अब्रू झाकायला नवरा स्वतःच्या प्रेस विकायला बसलाय, हे प्रियंकाला दिसत होतं. नवऱ्याचा चांगुलपणा बायकोला नेहमीच महाग पडतो.

“गडबड मालाचीच हाय,” मायाप्पा म्हणाले. भिंतीला टेकून ते तंबाखू मळत होते. “मी म्हाताऱ्यानं वास घेऊन दिल्ता. तेलात टिकणारं नायट्राईलच हुतं.”

“मग तेलात फुगलं कसं, आज्जा?”

ही सृष्टी, बापूसाहेबाची मुलगी. केमिस्ट्रीत बी.एस्सी. झाल्यावर पुण्यात नोकरी लागेपर्यंत महिनाभर शेडमध्ये बसते म्हणाली होती, आणि आता पुण्याचं नाव काढत नव्हती. तिच्या बापाला हे एखाद्या थकलेल्या येण्यासारखं वाटायचं; आज वसूल होईल, उद्या होईल.

“तेलात फुगतंय म्हंजे ईपीडीएम असंल,” मायाप्पा म्हणाले. रबराचं बोलणं निघालं की त्यांचा आवाज तरणा व्हायचा. “नैसर्गिक रबर घे. ताण, सोड, पुन्हा जाग्यावर. यंत्रमागाला धक्का सोसायला त्येच्यासारखं दुसरं न्हाय. पण तेल आन् ऊन लागलं की संपलं. ईपीडीएमला ऊन लागू दे, वाफ लागू दे, उकळतं पाणी लागू दे, वर्सानुवर्स हालत न्हाय. रंगाच्या कारखान्याला आपुन त्येच देतो. पण तेलाशी वैर. नायट्राईल तेलात जल्मभर बसंल, मात्र उन्हात ठिवलं की चिरा. निओप्रीनला समदं थोडं थोडं जमतंय. सिलिकॉन भट्टीत टिकतंय, पण जरा नख लागलं की फाटतंय. ज्येची त्येची जागा ठरल्याली हाय. जागा चुकली की चांगला मालबी वाया.”

“माणसाचं तसंच की,” चिमाबाई म्हणाल्या. कुणाला उद्देशून, ते त्यांनी उघडं ठेवलं. त्यांचे निम्मे टोमणे असे पत्ता न लिहिताच टाकलेले असत, आणि प्रत्येकाला वाटे पत्र आपल्यालाच आलंय.

सृष्टीनं कात्री घेतली, फुगलेल्या रिंगेची चकती कापली आणि कापडानं तेल टिपून घेतलं. चिमट्यात धरून तिनं तिला लायटर लावला. ज्योत संथ लागली. फुंकर मारून विझवल्यावर धुराची रेघ सतरंजीवरून सगळ्यांकडं गेली.

प्रियंकाला वाटलं कुणी मेणबत्ती विझवलीय. ईपीडीएमचा धूर असाच येतो; नायट्राईलचा नाकात झोंबतो. तिनं सृष्टीकडं बघितलं. सृष्टीनं नजर खाली केली.

“आज्जा, तुम्ही सांगा.”

मायाप्पांनी चिमटा नाकाशी नेला. डोळे मिटले. जरा वेळ घेतला, मोठ्या माणसानं घ्यावा तेवढा.

“नायट्राईल.”

 मेणबत्तीचा वास शेडभर होता. बापूसाहेबालाही येत होता, आणि त्याला रबरातलं काही कळत नव्हतं.

“आवं,” चिमाबाई हळू म्हणाल्या, “परवा चुलीवरचं दूध करपून घरभर वास सुटला. तुमी शेजारीच बसल्याला. मी म्हणलं तंद्रीत असतील. करोनापासनं तुमाला वास येत न्हाय, व्हय?”

मायाप्पांच्या तळहातावरची तंबाखू मळायची थांबली.

“कधीकधी येतोय,” ते म्हणाले. आणि मग, “न्हाय येत.”

“मग ‘हां’ कशाला म्हणायचं?”

“आता काय करायचं मी हितं येऊन? वास घ्यायचंच काम हाय माझ्याकडं.”

बापूसाहेबानं हे ऐकलं आणि त्याच्या मनात एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या. बापाची कीव आली, आणि आपली बाजू जड झाल्याचं जाणवलं. तो वाईट माणूस नव्हता. फक्त कुठलीही गोष्ट हाती आली की तिचा भाव काय येईल हे त्याला आधी कळायचं.

“म्हणजे बघा,” तो म्हणाला, “कुमारची चूक न्हाय, मान्य. पण जिथं तपासणीच राहिली न्हाय तिथं माल कसा देणार? मी म्हणतो ते त्यासाठीच. अब्रू हाय तोवर बाहेर पडू.”

सकाळपासून चिमाबाई थोरल्याच्या बाजूनं होत्या. विकू दे, दोघांचं दोघांना मिळू दे, असं त्यांनी मनाशी ठरवूनच भाकऱ्या आणल्या होत्या. पण नवऱ्याच्या नाकाचा असा दाखला दिलेला त्यांना आवडला नाही. नवऱ्याला बोलायचा मक्ता त्यांचा एकटीचा होता.

“नाक गेलं ते गेलं. पर डोळं हुते की समद्यांचे. कुमार, खूण कुठली हुती रं त्या पट्ट्यावर?”

“पिवळी, आई. नायट्राईलची. त्या थप्पीतला एक पट्टा राहिलाय अजून.”

“आन हिकडं.”

कुमारनं मांडणीवरून पट्टा आणला. काळ्या रबरावर बोटभर रुंद पिवळी रेघ. ताडून बघायला दुसऱ्या थप्पीतला आणला, तोही पिवळाच. चिमाबाईंनी दोन्ही मांडीवर आडवे घेतले, लुगड्याचा काठ निवडावा तसे निरखले, आणि पहिल्या रेघेवर बोट घासून ते नाकाशी नेलं. मग नवऱ्यापुढं हात केला.

“चुन्याची डबी द्या.”

“आता पान खातीस व्हय?”

“द्या म्हणते न्हवं.”

त्यांनी बोटावर ओला चुना घेतला आणि दोन्ही रेघांवर एकेक ठिपका दिला. दुसऱ्या पट्ट्यावर चुना पांढराच राहिला. पहिल्यावर बघता बघता लाल झाला, कपाळावर लावावा असा.

“आज्जी!” सृष्टी गुडघ्यावर आली. “ही हळद आहे!”

“मग? हळदीला चुना लागला की लालच व्हती. खडू कवा लाल व्हतो?” चिमाबाईंनी ओल्या फडक्यानं तो ठिपका पुसला. हळदीखालून पांढरी रेघ दिसायला लागली. ईपीडीएमची खूण पांढरी असते, हे त्या शेडमध्ये सगळ्यांना पाठ होतं.

कुमारनं पट्टा हातात घेतला आणि त्याच्या तोंडून आज पहिल्यांदा लांबलचक वाक्य निघालं. “खंडेनवमीच्या पूजेनंतर मांडणी सगळी पिवळी झाली होती. मीच फडकं मारलं. बाकीचा भंडारा निघाला, खडूत मुरलेला राहिला… पांढऱ्याची पिवळी झाली आणि मी नायट्राईल समजून चढवलं.”

“मांडणीवर भंडारा उधळला कुणी पण?” प्रियंकानं विचारलं. तिला उत्तर ठाऊक होतं. प्रश्न विचारल्याचं समाधान सोडवत नव्हतं.

सगळे बापूसाहेबाकडं बघायला लागले.

बापूसाहेबाला आठवायला काही वेळ लागला नाही. वर्षातून तो शेडमध्ये मनापासून एकदाच यायचा, खंडेनवमीला. यंदा स्टुलावर चढून “बिरोबाच्या नावानं चांगभलं!” म्हणत त्यानं दोन्ही मुठींनी उधळला होता, तोही एकदा नव्हे, पहिल्या वेळी व्हिडिओत तोंड झाकलं गेलं म्हणून पुन्हा, आणि दुसऱ्या वेळी कुमार मध्ये आला म्हणून आणखी एकदा. कुमार तेव्हा मांडणीवर ताडपत्री टाकायला धावला होता. “हो की बाजूला,” असं त्यानंच भावाला सांगितलं होतं.

पहिल्यांदा हसल्या त्या चिमाबाई. तोंडाला पदर लावला, पण खांदे हलायला लागले. मग प्रियंका, मग मायाप्पा. नाक गेल्याचं दुःख थोडं वाटून घेणारा कुणीतरी मिळाला होता.

“हसा,” बापूसाहेब उठला. “हसा की. मी जातो.”

पण जाता आलं नाही. दारात गाडी थांबली आणि दुधनीचा ईश्वरप्पा आत आला. घरी गेला होता, तिथून कळलं सगळे शेडमध्ये आहेत. उंच, काळा, बोलण्यात निम्मं कन्नड, निम्मं मराठी, आणि रागात दोन्ही.

“एन्री बापूसाहेब! हितं जेवण चाललंय, आणि माझी प्रेस बंद! काय दिलं तुमी मला?”

बापूसाहेबाकडं उत्तर तयार होतं. गिऱ्हाईक सांभाळणाऱ्या माणसाकडं ते नेहमीच असतं: मुंबईच्या कंपनीनं लॉटच चुकीचा पाठवला, आम्हीच फसलो. जीभ वळलीही. तेवढ्यात कुमार उभा राहिला.

“माझ्याकडनं चुकलं, ईश्वरप्पा. पट्टा चुकीचा चढवला.”

बापूसाहेबानं भावाकडं बघितलं. सकाळपासून बापासाठी गप्प बसला होता. आता माझ्यासाठी बोलतोय. ह्याला महेश्वरकडं नोकर ठेवायचा शब्द मी दुपारी देणार होतो. हिशेब करणाऱ्या माणसाला लाज हिशेबातूनच वाटते. भावाच्या बाजूला किती जमा झालंय, हे त्यानं आज पहिल्यांदा मोजून बघितलं.

“त्याची चूक न्हाय,” तो म्हणाला. “माझी. पूजेला मी भंडारा उधळला, त्यात खुणा झाकल्या गेल्या. वाफेचं रबर तुमच्या तेलात गेलं.”

ईश्वरप्पा एकदा ह्याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिला. फसवणारे व्यापारी त्यानं पुष्कळ पाहिले होते. चुकीसाठी भांडणारे भाऊ हा माल नवा होता.

“बसा,” चिमाबाई म्हणाल्या. “भाकरी खावा. प्रेस तापस्तवर वेळ हाय.”

“आज द्याल?”

“माल आजच काढतो,” असं म्हणत कुमारनं बटण दाबलं. सुट्टीच्या दिवशी प्रेस तापायला लागली. प्रियंका नि चिमाबाई चुन्याची डबी घेऊन मांडणीपुढं बसल्या आणि पिवळी रेघ असलेला एकेक पट्टा पारखू लागल्या. लाल होईल तो इकडं, न होईल तो तिकडं. मायाप्पा उगाच हात चाळवत होते. सृष्टीनं त्यांच्यापुढं तेलाचा डबा, गाळणी आणि एक छोटी शेगडी आणून ठेवली.

“आज्जा, आजपासून वास नाही. प्रत्येक थप्पीची एक चकती गरम तेलात रात्रभर ठेवायची. सकाळी माप घ्यायचं. फुगली तर माल परत. बघायला तुम्ही.”

“रात्रभर बसू मी?”

“मेंढरांपाशी बसत होताच की.”

“व्हय,” मायाप्पा म्हणाले आणि शेगडी जवळ ओढली. “मेंढरं तर पळायची. चकती कुटं पळत न्हाय.”

बापूसाहेबाचा फोन वाजला. महेश्वर. शेड एवढी लहान की फोनवरचं बोलणं कुणालाच चुकत नाही.

“न्हाय हो… न्हाय, भाव वाढवून मागत न्हाय. नकोच. विकायच्या न्हाईत.” आणि फोन खिशात टाकला. कुमारची पाठ होती. ती पाठ जराशी सैल झाली, एवढं प्रियंकानं बघितलं.

ऊन पत्र्यावरून पलीकडं सरकलं तेव्हा पहिला साचा उघडला. रिंगा गरम, काळ्या, कडेला जादा रबराची पातळ झालर घेऊन बाहेर आल्या. कुमारनं त्या लाकडी फळीवर मांडल्या. ईश्वरप्पानं एक उचलली, ताणली, सोडली.

“छान हाय. द्या, निघतो.”

“उद्या,” सृष्टी म्हणाली. “एक रिंग तेलातनं निघाल्यावर.”

“अरे ताई, रबर बरोबर हाय म्हणलात की! चुन्यानं बघितलं, सगळं बघितलं. प्रेस बंद हाय माझी.” तो वळला, ज्याच्याकडून कधी नकार ऐकला नव्हता त्याच्याकडं. “बापूसाहेब, आज देतो म्हणता न्हवं तुमी?”

सगळे थांबले. कुमारही. अशा वेळी बापूसाहेबाच्या तोंडातून काय बाहेर पडतं हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि ते फेडायला उद्या कोण उभं राहतं, तेही.

बापूसाहेबानं शेगडीवरच्या डब्यात डोकावून बघितलं. तेलात रिंग बुडाली होती. मायाप्पा तिच्यावर डोळे लावून बसले होते, झाडाखालच्या आजारी मेंढीपाशी बसावं तसे.

“नाळे,” तो म्हणाला. मग मराठीतही म्हणाला, पक्कं व्हावं म्हणून. “उद्या, ईश्वरप्पा. मी स्वतः घेऊन येतो आणि बसवूनच परत फिरतो. पण आज न्हाय.”

ईश्वरप्पानं हातातली रिंग फळीवर परत ठेवली.

“आयतु, ठीक हाय,” तो म्हणाला. “इतकी वर्सं तुमी आज देतो म्हणत होता, आणि मी घरी सांगायचो, उद्याच मिळंल म्हणून. आज तुमी उद्या म्हणता. म्हंजे उद्या खरंच मिळंल.” आणि वाटेत खायला दोन भाकऱ्या घेऊन तो गेला.

शेडमध्ये प्रेसचा गरम वास होता. तो मायाप्पांखेरीज सगळ्यांना येत होता. फळीवर अजून पुष्कळ रिंगांना झालर लागलेली होती. कुमार कात्री घेऊन खाली बसला आणि एकेक कड कापायला लागला. बापूसाहेब थोडा वेळ त्याच्या मागं उभा राहिला. मग त्यानं पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर घेतल्या.

“ही कड कशी काढतात रे? रिंगेला न लागता?”

कुमारनं वर बघितलं नाही. तो फळीपाशी सरकला आणि शेजारी एका माणसाएवढी जागा केली.